कांस

सत्तावीस वर्षं मी नकाशा विभागात ट्रेसर होते.
निळ्या शाईचं पेन माझ्याकडे,
म्हणजे बडोद्यातलं सगळं पाणी माझ्याकडे.
सूरसागराला कडा, विश्वामित्रीला दोन जाड रेघा,
आणि जिला नदी म्हणायला कुणी धजत नाही,
जी सोसायट्यांच्या मागून अंग चोरून जाते,
तिला दोन बारीक रेघा, मध्ये नाव:
कांस.

पहिल्याच महिन्यात मी टिंब विसरले.
गुजराती अक्षरांना वर शिरोरेघ नसते,
टिंब बिचारं उघड्यावर, लगेच हरवतं.
जशुभाईंनी भिंग सरकवलं:
'बेन, टपकुं क्यां गयुं?'
मी म्हटलं, आमच्यात कास गाईला असते.
'सारुं,' ते म्हणाले, 'ही पण खालीच उतरते.'
आणि ब्लेडने शाई खरवडायला लागले.

तेव्हापासून तो शब्द दाताखाली आलेल्या खड्यासारखा.
आई म्हणायची, एकाची कास धर आणि राहा.
आजोळी नऊवारीतल्या बाया
कास मारून गुडघाभर पाण्यात उतरत.
मामा झाला तो कंस.
आरा जिल्ह्यातून आलेला नवा इंजिनियर सांगायचा,
आमच्याकडे कांस म्हणजे गवत,
दसऱ्याच्या आधी पांढरे तुरे, मैलच्या मैल;
सांगताना तो खिडकीबाहेर बघायचा,
बाहेर स्कूटर स्टँड होता.

साताऱ्याची वन्सं म्हणाली, ओढा म्हण की सरळ.
ओढा कसा म्हणू? त्यात ओढ आहे.
आमची जमीन ताटासारखी सपाट,
इथे पाणी कुणाच्या ओढीने जात नाही,
कुणीतरी मागून ढकललं म्हणून जातं.
नाला म्हणावं तर मला नाळ ऐकू येते,
आणि दोन बाळंतपणं झालेल्या बाईने
नाळ गटारात सोडायची नसते.
ओहोळ म्हटलं तर जशुभाई हसले. फार वेळ हसले.

मूळ कुणालाच माहीत नव्हतं.
ऑफिसातल्या जाड शब्दकोशाचं
नेमकं ते पान वाळवीने खाल्लेलं,
त्या भोकातून पलीकडचं 'काळ' दिसायचं.
मी अर्ज केला नव्या प्रतीसाठी.
शेरा आला: निधी नाही.

पुढे स्लॅब पडायला लागले.
आधी भुखी कांशीवर थोडा, मग आणखी थोडा,
वर पार्किंग, वर पाणीपुरीची गाडी.
मला वाटलं, बघ, तिलाही आता शिरोरेघ आली,
आमच्या अक्षरांसारखी.
नकाशात झाकलेलं पाणी तुटक काढायचं असतं.
ज्या टिंबाचा मला विसर पडायचा
त्याच टिंबांची आता रांग काढत होते,
मनगट दुखेपर्यंत.
निवृत्तीच्या दिवशी शाल दिली, नारळ दिला.
पेन मी मागितलं नाही, पर्समध्ये घातलं.

भुखी का म्हणतात हे तर मी कधी विचारलंच नव्हतं.
वर्षभर रिकामी म्हणून, असंच धरून चालले होते.

त्या ऑगस्टात रात्री दीडला
बाथरूमच्या जाळीतून गुळण्यांचा आवाज आला.
मग मोरी बोलली. मग जिना.
पहाटे मीटरच्या पेटीपर्यंत पाणी,
तिसऱ्या पायरीवर मगरीचं पिल्लू, वीतभर,
आणि समोरचे शहासाहेब गच्चीवरून ओरडत होते,
हे आलं कुठून, हे आलं कुठून?
मला कुठून ते ठाऊक होतं.
आमच्या सोसायटीखालून गेलेली ती रांग
मीच काढली होती, एकोणचाळीस टिंबं.
खाली जाऊन सांगण्यात अर्थ नव्हता,
खाली असं काही उरलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी उतरलं.
फ्रिज उताणा, तांदूळ आंबलेले, सगळीकडे तो वास.
हॉलच्या भिंतीवर पाण्याने आपली रेघ सोडलेली,
मातकट, एका पट्टीत,
इतकी सरळ माझ्याच्यानं कधी आली नाही.
लेक म्हणाली, आई, हात नको लावूस, घाण आहे.
पर्समधलं पेन कोरडं पडलं होतं.
मी नखानेच
त्या रेघेच्या वर, माझ्या डोळ्यांच्या उंचीला,
एक टिंब दिलं.